पडद्यावरचे रेशन, ताटातले रेशन

युद्ध आले की सरकारला बायकांची आठवण होते. एरवी शेतावर, बंदरात, गिरणीत राबणाऱ्या बाईला जे सरकार कामगार म्हणून मोजत नाही, तेच सरकार तिला एकदम ‘राष्ट्राची गृहिणी’ म्हणून हाक मारते. तिने कमी खावे, कमी जाळावे, कमी मागावे, फाटके शिवून नेसावे आणि हे सगळे हसतमुखाने करावे, असा उपदेश सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धात हा उपदेश करायला सरकारांच्या हाती एक प्रभावी साधन होते. ते म्हणजे सिनेमा.

या जुन्या प्रचारपटांवर आज लिहायचे कारण असे, की ते पुन्हा आपल्यापुढे येत आहेत, आणि आदर्श म्हणून येत आहेत. आमच्या रायगड जिल्ह्यात पोषणावरच्या एका प्रशिक्षणात अंगणवाडी सेविका, बचत गटांच्या बाया आणि आम्हा काही कार्यकर्त्यांना ब्रिटनमधल्या युद्धकाळातले असे लघुपट दाखवले गेले. दाखवून झाल्यावर तज्ज्ञबाईंनी निष्कर्ष सांगितला, “बघा, तुटपुंज्या रेशनवर त्या बायकांनी कशी सुदृढ मुले वाढवली. आपल्या बायकांना नियोजनच येत नाही.” मुरुड, एकदरा, राजपुरीच्या कोळीवाड्यांतून आलेल्या बाया खाली मान घालून हे ऐकत होत्या. चहाच्या वेळी त्यांतल्या एकीने मला हळूच विचारले, “ताई, त्या पिक्चरमधल्या बाईला दूध कोण देत होतं?”

मैत्रिणींनो, सगळ्या प्रचारपटांना विचारायचा प्रश्न हाच आहे. मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली तेव्हा आम्हाला ‘जाणीवजागृतीची साधने’ शिकवली. पोस्टर कसे करावे, चित्रफीत कशी दाखवावी, नंतर चर्चा कशी घ्यावी. जाणीव कोणाची आणि ती जागी करणारा कोण, हा प्रश्न मात्र चळवळीत आल्यावरच कळला.

कोबी, चरबी आणि गृहिणी

ब्रिटनमध्ये ८ जानेवारी १९४० रोजी रेशनिंग सुरू झाले. सुरुवात डुकराचे खारवलेले मांस, लोणी आणि साखर यांपासून झाली. अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांच्या खात्याने चित्रपटगृहांत दाखवायला ‘फूड फ्लॅशेस’ नावाचे काही सेकंदांचे तुकडे काढले. बटाटा खा, पाव वाया घालवू नका, अशी त्यांतली शिकवण. १९४१ सालच्या ‘टू कुक्स अँड अ कॅबेज’ या लघुपटात कोबी शिजवण्याची बरोबर आणि चूक रीत दाखवली आहे. चूक करणारी अर्थात एक बाईच.

अमेरिकेत १९४२ साली वॉल्ट डिस्नेने सरकारसाठी एक व्यंगपट काढला. त्यात मिनी माउस स्वयंपाकानंतर उरलेली चरबी कुत्र्याला घालायला निघते. तेवढ्यात रेडिओ तिला थांबवतो. ही चरबी साठवून खाटकाच्या दुकानी जमा कर, त्यातून ग्लिसरीन आणि ग्लिसरीनमधून स्फोटके होतील, असे सांगतो. मिकी मात्र भिंतीवरच्या फोटोत आहे, सैनिकाच्या गणवेशात. पुरुष आघाडीवर आणि बाई चुलीशी, अशी वाटणी व्यंगचित्रातल्या उंदरांनाही सुटलेली नाही! प्रत्यक्षात त्याच वर्षांत अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये लाखो बायका दारूगोळ्याच्या आणि विमानांच्या कारखान्यांत राबत होत्या. आठ-दहा तासांची पाळी करून रेशनच्या रांगेत उभे राहणे त्यांच्याच नशिबी होते. हे दुहेरी ओझे या स्वयंपाकघरातल्या चित्रांत दिसत नाही. तिथे दिसते ती फक्त एक नीटनेटकी बाई, जिच्याकडे वेळच वेळ आहे.

आता दुधाच्या प्रश्नाकडे येऊ. ब्रिटनमध्ये दूध सरकार देत होते. जुलै १९४० पासून गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला आणि पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला रोज एक पिंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक दूध, अगदी कमी दरात आणि गरिबांना फुकट मिळत होते. पुढे लहान मुलांसाठी संत्र्याचा रस आणि कॉड माशाचे तेल आले. शाळेत जेवण वाढले. सार्वजनिक खानावळी निघाल्या. कारखान्यात जाणाऱ्या आयांसाठी पाळणाघरे निघाली. त्या मुलांची हाडे मजबूत झाली ती या दुधाने आणि जेवणाने. आयांनी कोबी बेताने शिजवला म्हणून नव्हे. त्या लघुपटांमागे खरा शिधा उभा होता, आणि तो देण्याची जबाबदारी सरकारने उचलली होती. आमच्या तज्ज्ञबाईंनी फिल्म तेवढी उचलली आणि शिधा तिथेच ठेवला. युद्ध संपल्यावर ब्रिटनमधली बरीचशी पाळणाघरेही बंद झाली. रेशनिंग मात्र जुलै १९५४ पर्यंत चालले. म्हणजे रांगेत उभी राहायला बाई हवी होती, तिचे मूल सांभाळायला सरकार नको होते.

आपल्याकडे फिल्म होती, शिधा नव्हता

आपल्या देशात ब्रिटिश सरकारने १९४० साली ‘फिल्म अ‍ॅडव्हायझरी बोर्ड’ नेमले. जे. बी. एच. वाडिया त्याचे प्रमुख होते, आणि काही काळ आपले व्ही. शांताराम यांनीही तिथे काम केले. १९४३ साली त्याच्या जागी ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ ही सरकारी संस्था आली आणि ‘इंडियन न्यूज परेड’ हे वृत्तपट सुरू झाले. हे लघुपट लोकांनी आपणहून पाहिले असते की नाही, याची परीक्षाच सरकारने होऊ दिली नाही. भारत संरक्षण नियमांखाली प्रत्येक खेळात सुमारे २,००० फूट सरकारमान्य फिल्म दाखवणे थिएटरवाल्यांवर सक्तीचे झाले. म्हणजे वीस-बावीस मिनिटे. निवेदन इंग्रजी, हिंदुस्थानी, बंगाली, तमिळ आणि तेलुगूत असे. मराठीत नाही. या फिल्म तयार होत होत्या मुंबईत, आणि लालबाग-परळच्या थिएटरात बसलेल्या गिरणीकामगाराला मात्र त्याच्या भाषेत काही सांगावे असे वाटले नाही.

मुंबईत २ मे १९४३ रोजी धान्याचे रेशनिंग सुरू झाले. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले, तेव्हापासून ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला होता. मुंबईतले रेशनिंग बऱ्यापैकी चालले हे मान्य करायला हवे. पण ते का चालले तेही बघू. मुंबईत बंदर होते, गोदी होती, लष्कराला कापड पुरवणाऱ्या गिरण्या होत्या. तिथला कामगार उपाशी राहिला असता तर युद्धाचे काम अडले असते. ज्याच्या श्रमावर युद्ध चालते त्याला आधी धान्य, असे ते गणित होते.

त्या कामगाराला भाकरी करून वाढणारी बाई या गणितात कुठे होती? गिरणगावात एकेकट्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया होत्या. एकेका चुलीवर दहा-दहा, पंधरा-पंधरा गडी जेवत. शिधा कमी आणि खाणारी तोंडे ठरलेली, तेव्हा कोणाच्या ताटातली भाकरी कमी होते हे कोणत्याही बाईला सांगावे लागत नाही. प्रचारपटातले कुटुंब म्हणजे नवरा, बायको, दोन मुले आणि एक टेबल. अशा कुटुंबात खानावळवालीला जागाच नाही. या बायांच्या श्रमाला संघटित ओळख मिळायला १९७५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

आणि आमचे कोकण? मुरुड तेव्हा जंजिरा संस्थानाची राजधानी होते. संस्थान १९४८ साली विलीन झाले. या किनाऱ्यावर भात पिकतो, पण घराला वर्षभर पुरत नाही. मुंबईची मनिऑर्डर आली तर चूल पेटायची. कमावता मुंबईत रेशनकार्डावर आणि बाई गावाकडे मुले, सासू-सासरे आणि कर्जासकट. तिच्यावर ना फिल्म निघाली ना तिला कार्ड मिळाल्याचे पडद्यावर दिसले.

होड्या काढून घेतल्या त्याची फिल्म कुठे आहे?

त्याच १९४३ साली बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसे उपासमारीने आणि तिच्या मागून आलेल्या रोगांनी मेली. सरकारने दुष्काळ-संहितेप्रमाणे तिथे दुष्काळ जाहीरसुद्धा केला नाही. धान्य कलकत्त्यातल्या युद्धोपयोगी कामगारांकडे वळवले गेले आणि खेडी वाऱ्यावर सोडली. कलकत्त्यातले रीतसर रेशनिंगही १९४४ च्या सुरुवातीला आले. तोपर्यंत लाखो माणसे मरून गेली होती.

कोळीवाड्यातल्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. जपानी सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून १९४२ साली सरकारने बंगालच्या किनारी भागात दहापेक्षा जास्त माणसे नेऊ शकतील अशा होड्या ताब्यात घ्यायला सुरुवात केली. हजारो होड्या जप्त झाल्या, मोडल्या, जाळल्या. मासेमार आणि नावाडी एका फटक्यात बेकार झाले. आपल्या एकदऱ्याच्या खाडीतल्या होड्या उद्या कोणी उचलून नेल्या तर काय होईल, हे इथल्या बाईला समजावून सांगायला नको. होडी गेली की मासळी गेली, मासळी गेली की बाजारात बसणाऱ्या बाईची पाटी रिकामी, आणि पाटी रिकामी झाली की घरात धान्य नाही. बंगालमध्ये तेच झाले. नवऱ्यांनी टाकलेल्या, मुले घेऊन शहराकडे निघालेल्या बायका अन्नछत्राच्या दारात मेल्या. कित्येक जणी मूठभर तांदळासाठी विकल्या गेल्या.

सरकारी कॅमेरा तेव्हा कुठे होता? १९४४ साली ‘इन्फर्मेशन फिल्म्स’ने ‘ट्री ऑफ वेल्थ’ नावाचा लघुपट काढला. विषय नारळाचे झाड, जागा मलबारचा किनारा. झाडाचा प्रत्येक भाग माणसाच्या कसा उपयोगी पडतो ते त्यात आहे. आमच्या मुरुडच्या वाड्यांतही नारळ आहे. नारळ सोलणारी, काथ्या कुजवणारी, सोडण भिजवून वळणारी बाई आम्ही रोज बघतो. झाडाची संपत्ती दाखवताना तिची मजुरी किती, हेही कोणी दाखवावे ना! ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाल्याने त्याच मलबार-त्रावणकोर किनाऱ्यावर माणसे अर्धपोटी होती, तेव्हा पडद्यावर कल्पवृक्ष डोलत होता.

बंगालची भूक कागदावर आणली ती चित्तप्रसाद यांनी, पक्षाच्या वर्तमानपत्रासाठी गावोगाव फिरून काढलेल्या रेखाटनांतून. त्यांच्या ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेच्या प्रती सरकारने जप्त करून नष्ट केल्या. आणि बंगालच्या बायका नुसत्या मरत नव्हत्या. महिला आत्मरक्षा समितीच्या हजारो बायकांनी मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याच्या विधिमंडळावर भूक-मोर्चा नेला. अन्नछत्रे चालवली, साठेबाजांना जाब विचारला. काटकसर करणारी बाई पडद्यावर आली. जाब विचारणारी बाई आली नाही.

इंग्रज गेले, फिल्म राहिली

१९४६ साली मध्यवर्ती विधिमंडळाने खर्चाला विरोध केल्यावर ‘इन्फर्मेशन फिल्म्स’ बंद पडली. लोकांना तिचा इतका तिटकारा आला होता! १९४८ साली आपल्या सरकारने फिल्म्स डिव्हिजन स्थापन केले, तेही मुंबईत, आणि सक्तीने लघुपट दाखवण्याची पद्धतही तशीच पुढे चालू ठेवली. फिल्म्स डिव्हिजनमध्ये पुढे काही फार चांगले, प्रश्न विचारणारे लघुपट झाले हे खरे. पण युद्ध आले की सूर तोच लागे.

१९६२ च्या चीन युद्धात बायकांनी राष्ट्रीय संरक्षण निधीला बांगड्या दिल्या, मंगळसूत्रे दिली. ज्या बाईच्या नावावर घर नाही, जमीन नाही, जिच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे फक्त अंगावरचे गुंजभर सोने, तिने ते काढून दिले. तिच्या त्यागाचा मला आदर आहे. पण ज्यांच्या नावावर जमिनी आणि कारखाने होते त्यांनी त्या प्रमाणात काय दिले, याचा हिशेब कोणी मांडला नाही. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडायचे आवाहन केले. सोमवारी संध्याकाळी हॉटेले बंद राहू लागली. शास्त्रीजींच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. पण आवाहन ‘सर्वांना’ होते आणि सगळे सारखे जेवत नव्हते. घरातल्या सगळ्यांचे झाल्यावर पातेले खरवडून खाणारी बाई तर सातही वार अर्धे जेवण सोडतच होती. तिने आणखी काय सोडायचे होते?

याला उत्तर बायकांनीच दिले, आणि ते महाराष्ट्रात दिले. १९७२ च्या दुष्काळात मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी आणि त्यांच्याबरोबर हजारो साध्या गृहिणी लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. रेशनवर धान्य, तेल, रॉकेल मिळालेच पाहिजे, साठे बाहेर काढा, म्हणून मंत्र्यांना घेराव झाले. प्रचारपटांनी तीस वर्षे ज्या लाटण्याला काटकसरीचे चिन्ह केले होते, त्याच लाटण्याचे बायकांनी हत्यार केले.

म्हणून २२ मार्च २०२० ची संध्याकाळ मला खटकली. पाच वाजता सरकारच्या सांगण्यावरून देशभर थाळ्या वाजल्या. रोगाशी ‘युद्ध’ जाहीर झाले होते, आणि आशाताई, अंगणवाडी सेविका, परिचारिका ‘योद्ध्या’ ठरल्या. १९७२ ची थाळी रिकामी होती म्हणून वाजली. २०२० ची थाळी वाजवली की प्रश्न मिटले असे दाखवायचे होते. त्यांतल्या आशाताईंना आणि अंगणवाडी सेविकांना पगार नव्हता, मोबदला होता, तोही वेळेवर नाही. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला. योद्धा म्हणायला पैसे पडत नाहीत.

आता पडदा पिशवीवर आला आहे

कोणी म्हणेल, आता थिएटरात सक्ती नाही, मग जुनी भांडणे कशाला? कारण पडदा फक्त हलला आहे. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल असा ‘आनंदाचा शिधा’ दिला. पिशवीवर नेत्यांचे हसरे चेहरे होते. मोफत धान्याच्या जाहिरातींतही तेच. त्या चित्रांतली बाई हात जोडून उभी असते. महायुद्धातली बाई निदान देशासाठी काहीतरी करताना दाखवत. आताची बाई फक्त उपकृत आहे.

कायदा काय म्हणतो? २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने धान्य हा हक्क झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो. कलम १३ प्रमाणे शिधापत्रिकेसाठी घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री ही कुटुंबप्रमुख. हक्काच्या वस्तूवर देणाऱ्याचा फोटो कशाला? नळाच्या पाण्यावर आपण कोणाचा फोटो चालवून घेऊ का?

आणि कायद्यातली ही कुटुंबप्रमुख दुकानात गेली की तिला अंगठा लावावा लागतो. आमच्या गटातल्या बायांची बोटे बर्फात हात घालून, मासळीला मीठ लावून, कोळंबी सोलून झिजलेली आहेत. यंत्र कित्येकदा ती वाचत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, घरात रोख पैसा नसतो आणि रेशनची गरज सर्वांत जास्त असते, त्याच पावसात ‘नेटवर्क नाही, उद्या या’ हे ऐकून बाई परत फिरते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या तेव्हा तर कित्येक दिवस वीजच नव्हती. झिजलेल्या अंगठ्याची जाहिरात तुम्ही कधी पाहिलीत?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. एवढ्या बायकांना एकाच वेळी ‘नियोजन’ येत नाही, असे म्हणायचे का? की त्यांच्यापर्यंत डाळ, तेल, दूध, अंडी पोचतच नाहीत आणि पोचले तर त्या शेवटी जेवतात, असे म्हणायचे?

मग काय करायचे?

जुन्या फिल्म दाखवूच नयेत असे माझे म्हणणे नाही. दाखवाव्यात, पण शिबिरात प्रत्येक फिल्मनंतर तीन प्रश्न घ्यावेत. या फिल्ममागे खरा शिधा होता का, आणि तो कोणी दिला? यात कोणाचे श्रम दिसत नाहीत? त्या काळात जाब विचारणाऱ्या बायका होत्या, त्या इथे का नाहीत?

बायकांच्या बाजूने फिल्म काढता येते, हेही आपल्याकडे घडले आहे. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटाने १९८१ साली पुण्याच्या घरकामगार बायांबरोबर ‘मोलकरीण’ काढली आणि १९८२ साली निपाणीच्या तंबाखू कामगार बायांबरोबर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’. दोन्ही मराठीत. त्या बायांनी आपली मजुरी, आपला संप, आपली भीती स्वतःच्या तोंडाने सांगितली. आज तर आपल्या प्रत्येक गटात एक तरी फोन आहे. रेशन दुकानापुढची रांग, न उमटणारा अंगठा, बंद दाराची पाटी यांचे चित्रण करायला कोणाची परवानगी लागत नाही.

पण नुसते चित्रण पुरणार नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २८ मध्ये सामाजिक अंकेक्षण आहे आणि कलम २९ मध्ये दक्षता समित्या आहेत, ज्यांत स्त्रियांना योग्य प्रतिनिधित्व द्यायचे आहे. आपल्या गावची समिती कागदावर आहे की खरोखर बसते, तिच्यात कोणाची बायको नव्हे तर रांगेत उभी राहणारी बाई आहे का, हे विचारा. धान्य मिळाले नाही तर कलम ८ प्रमाणे अन्न सुरक्षा भत्ता मागा. अंगठा उमटत नसेल तर दुसरी सोय काय, हे तहसील कार्यालयाकडून लेखी घ्या. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत कोळीवाड्यांना डाळ आणि तेल रेशनवर मिळावे, ही मागणी किनाऱ्यावरच्या सगळ्या गटांनी एकत्र करू या.

आणि पुन्हा कोणी प्रशिक्षणात आपल्याला काटकसरीची फिल्म दाखवली, तर खाली मान घालून ऐकायचे नाही. हात वर करायचा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने विचारायचे, “त्या बाईला दूध कोण देत होतं?”